निवेदनावरची सही मागे घेताना : आमच्या नगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी व सर्व नगरसेवक,
आमच्या शहराची नगरपालिका, गोवा.

विषय : बाजार इमारतीची पडवी रात्री कुलूपबंद ठेवण्याचा ठराव.

महोदय,

स. न. वि. वि.

बाजार इमारतीच्या पडवीला लोखंडी जाळीचे दरवाजे बसवावेत, ते रात्री ९ ते सकाळी ६ बंद ठेवावेत आणि तेथे झोपणाऱ्या 'भिकारी व बेवारस व्यक्तींना' पोलिसांच्या मदतीने हटवावे, असा ठराव आपण गेल्या महिन्याच्या बैठकीत संमत केला. ठरावाच्या सुरुवातीलाच 'व्यापाऱ्यांच्या लेखी मागणीस अनुसरून' असे शब्द आहेत. ते शब्द खरे आहेत. गेल्या दिवाळीनंतर बाजारातल्या ४७ दुकानदारांनी तसे निवेदन दिले होते आणि त्यावर ३१व्या ओळीत माझी सही आहे. ती सही मी या पत्राने मागे घेत आहे. सही चारचौघांत केली होती, तेव्हा ती मागे घेणेही चारचौघांतच व्हावे, म्हणून हे पत्र आवक खिडकीवर देऊन मी गप्प बसलो नाही.

शहराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. गोव्यात १३ नगरपालिका आहेत आणि पणजीची एक महापालिका. यातल्या कुठल्याही बाजारात रात्री अकरा वाजता फेरी मारली तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

सही करताना कोणी माझा हात धरला नव्हता. १९७४ साली वडिलांनी बाजारासमोर वह्या-पुस्तके आणि पूजासाहित्याचे दुकान काढले, ते आज मी चालवतो. सकाळी दुकान उघडायला यावे तर पायरीवर लघवीचा वास, कधी फुटलेली बाटली, आणि दोनदा तर दारू पिऊन झालेल्या मारामारीचे डाग. उदबत्त्या आणि कापूर विकणाऱ्या माणसाला दिवसाची सुरुवात दारात फिनेल ओतून करावी लागते, तेव्हा त्याच्या मनात भूतदया फारशी उरत नाही. कागद समोर आला, मी वाचला, सही ठोकली. त्यात 'योग्य ती व्यवस्था करावी' असे मोघम वाक्य होते. योग्य व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे मी विचारले नाही, आणि ठराव झाल्यावरच मला त्याचे उत्तर कळले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, तो आपल्यालाही आठवत असेल. शटर ओढले आणि वीज गेली. छत्री घरी होती. रस्ता ओलांडून मी पडवीत शिरलो आणि रात्री साडेअकरापर्यंत तिथेच अडकलो. पन्नास वर्षे ज्या पडवीसमोर काढली, तिथे रात्रीच्या वेळी मी पहिल्यांदाच उभा होतो. एक म्हातारा सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या एकीवर एक अंथरत होता. अंथरून झाल्यावर त्याने पायातल्या चपला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि ती पिशवी उशाला घेतली. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर म्हणाला, चप्पल गेली की दुसऱ्या दिवशी कामावर कोणी घेत नाही. खांबाला टेकून एक बाई बसली होती. पिशवीचा बंद तिने मनगटाला गुंडाळून घेतला होता. ती झोपत नाही, हे मला मागाहून कळले. ती रात्र बसून काढते आणि झोप दिवसा, बसस्टँडच्या बाकावर घेते, कारण दिवसा वर्दळ असते आणि कोणी अंगाला हात लावत नाही. तिनेच मला विचारले, "पावसांत खंय वचूं, बाबा?" म्हणजे पावसात कुठे जाऊ? जाळीची बातमी पडवीत पोचली होती.

त्यानंतर आणखी एका दुकानदारासह मी तीन रात्री तिथे गेलो. सर्वांत जास्त माणसे दिसली ती १९. त्यांच्याशी बोललो, चहा घेतला. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजेपर्यंत एकदा थांबलो. हे संशोधन नव्हे, पण ठराव करण्यापूर्वी पालिकेने एवढेही केले नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. ठरावात जाळीची लांबी फुटांत दिली आहे. माणसांचा आकडा मात्र कुठेच नाही. जनगणनेत बेघरांची मोजणी एका ठरलेल्या रात्री होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे उघड्यावर आढळली. तेव्हापासून आमच्या शहरात कोणी हातात बॅटरी घेऊन अशी फेरी मारल्याचे मला तरी माहीत नाही.

दुसरी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. बैठकीत दोन नगरसेवकांनी 'हे सगळे भायले' असे म्हटल्याचे वर्तमानपत्रात वाचले. १९ पैकी निम्मे बाहेरचे आहेत, हे खरे. गदग-विजापूरकडचे गवंडी आणि चिरे वाहणारे मजूर त्यात आहेत. आपल्या घरांच्या भिंती त्यांनीच रचल्या. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने, ३४व्या कलमात, कामाच्या जागी किंवा जवळपास मजुरांना फुकट तात्पुरती राहण्याची सोय करून देणे मालकावर बंधनकारक केले होते, आणि बांधकामावरचा एक टक्का उपकर त्यांच्याच कल्याणासाठी म्हणून गोळा होतो. इमारतीचा परवाना आपली पालिका देते. परवाना देताना मजूर रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न कंत्राटदाराला आजवर एकदा तरी विचारला गेला आहे काय? पूर्वी वाड्यावाड्यांत मजुरांना भाड्याने खोल्या मिळत. आता त्याच खोल्यांना रंग लावून त्या पर्यटकांना रोजावर दिल्या जातात. उरलेल्यांसाठी अनामत रक्कम, ओळखीचा माणूस आणि पोलीस पडताळणीचा कागद लागतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी हातात असलेला मजूर पडवीत येतच नाही.

राहिलेले निम्मे आपलेच आहेत. देवळांच्या समाराधनांत मोठमोठ्या पातेल्यांवर राबलेला एक आचारी आहे, हात थरथरू लागल्यावर त्याला कोणी बोलावीना. खांबाशी बसणारी ती बाई आपल्याच तालुक्यातली, नवऱ्यामागे दिरांनी घराबाहेर काढलेली. गोव्याचा जो नागरी कायदा आपण देशभर अभिमानाने सांगतो, त्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतीपत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि तिच्यात पत्नीचा निम्मा हिस्सा असतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ती अर्ध्या घराची मालकीण, पण प्रत्यक्षात खांबाला टेकून बसलेली. वारसाहक्काची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा कोर्टातला दावा, चालवायला वकील लागतो, कागद लागतात, आणि निकाल लागेपर्यंत राहायला कुठेतरी छप्पर लागते. यातले तिच्याकडे काहीच नाही. 'भायली' म्हणून तिला नेमके कुठे पाठवायचे, तेही ठरावात लिहिले असते तर बरे झाले असते.

आता तो वास. बाजाराचे सार्वजनिक शौचालय रात्री आठला बंद होते आणि सकाळी सहाला उघडते. दिवसाही आत जाताना प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात. ज्याला रोज काम मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याने दिवसाकाठी चारदा पैसे मोजावेत असे आपण गृहीत धरतो, आणि रात्रीचे दहा तास तर पैसे देऊनही सोय नाही. बाजाराच्या मागचा पिण्याच्या पाण्याचा नळ दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणात काढला, तो परत बसला नाही. मासळी विकणाऱ्या बायका सकाळी सोपो, म्हणजे बाजारकर, भरून बसतात; त्यांनाही घरून बाटली भरून आणावी लागते. म्हणजे हा प्रश्न फक्त पडवीत झोपणाऱ्यांचा नाही. ज्या वासाबद्दल मी निवेदनावर सही केली, त्याचे कारण आठ वाजता लागणारे ते कुलूप होते, हे समजायला मला सहा महिने लागले. आणि पालिका त्यावर उपाय म्हणून दुसरे कुलूप आणते आहे.

आजारी माणसांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे चूक केवळ निष्काळजीपणाची राहत नाही. पडवीत चाळिशीचा एक माणूस आहे, जो रात्रभर स्वतःशी बोलतो, मधूनच ओरडतो; दुकानदार त्यालाच जास्त घाबरतात. ठरावानुसार पोलीस त्याला 'हटवणार'. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील १००वे कलम पोलिसांना याहून वेगळे काम सांगते. असा भरकटलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस आढळला तर त्याला संरक्षणाखाली घ्यावे, कारण सांगावे आणि २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यावे. तो बेघर असेल तर तशी नोंद ठाण्यात करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा, हेही त्याच कलमात आहे. पणजीजवळ बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे, तिथे पोचायला वाहनाने फार वेळ लागत नाही. तीच पोलिसांची गाडी आणि तोच माणूस. त्याला बांबोळीला न्यायचे की शहराच्या हद्दीबाहेर सोडायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि आपल्या ठरावाने त्याचे उत्तर चुकवले आहे. दुसरा एक माणूस पायाच्या जखमेवर पट्टी बांधून आला होता. इस्पितळातून सोडताना त्याला एक दिवसाआड मलमपट्टी आणि पाय कोरडा ठेवायला सांगितले होते. जून महिन्यात पडवीबाहेर पाय कोरडा कसा ठेवायचा, हे कागदावर लिहिलेले नव्हते.

पत्त्याचा घोळ तर हसावे की रडावे असा आहे. वृद्धांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा २ हजार रुपये मिळतात. तो म्हातारा आचारी वयाने पात्र आहे, जन्माने इथलाच आहे. पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी पत्ता हवा. गंमत अशी की मतदारयादीसाठी निवडणूक आयोग बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्र अधिकाऱ्याने रात्री येऊन तो खरोखर त्या जागी झोपतो याची खात्री एकाहून अधिक रात्री केली की पुरे. म्हणजे मत देण्यापुरती बाजाराची पडवी हा पत्ता ठरू शकतो, औषधापुरते दोन हजार मिळवण्यासाठी नाही. पडवीला जाळी बसली की तोही पत्ता गेला.

आपल्यापैकी काहीजण १९७२ च्या भीक प्रतिबंधक कायद्याकडे बोट दाखवतील. तीन रात्रींत मला भीक मागणारे चारजण दिसले, बाकीचे सारे काम करणारे किंवा काम करून थकलेले. शिवाय अशाच धर्तीचा मुंबईचा कायदा दिल्लीला लागू होता, त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली, ही गोष्ट आपल्या कायदा सल्लागारांना ठाऊक असेलच. तो निकाल गोव्याला बंधनकारक नाही, मान्य. पण त्यामागचा विचार वाचायला हरकत नसावी.

मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांचा खटला १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. तिथे न्यायालयाने पालिकेचा पदपथ मोकळा करण्याचा अधिकार मान्य केला, आणि तरीही सांगितले की पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हलवू नये. आपण मात्र मुहूर्त धरला आहे तो मृग नक्षत्राच्या तोंडावरचा. गोव्यात चार महिन्यांत जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, हे मी आपल्याला सांगायला नको. गटारांच्या निविदा आपणच काढता.

आता जागेचा प्रश्न. बैठकीत कोणीतरी म्हणाले, जागा कुठे आहे? केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ साली बेघरांच्या निवाऱ्याचा निकष ठरवला : लाख वस्तीमागे किमान १०० माणसांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट, आणि तीही बाजार, बसस्टँड अशा ठिकाणांजवळ, कारण माणसे तिथेच काम शोधतात. आमचे शहर पाव लाखाचे. म्हणजे २५ जणांची सोय, १२५० चौरस फूट. आपली नवी प्रशासकीय इमारत झाल्यापासून जुन्या कचेरीचा वरचा मजला बंद आहे. जन्मदाखल्यासाठी मी त्या मजल्यावर अनेकदा रांगेत उभा राहिलो आहे. तो हॉल या मापाहून लहान नाही. मंगळुरी कौले दोन ठिकाणी फुटली आहेत, एक नळ आहे, दोन संडास आहेत, जिना पक्का आहे. सध्या तिथे निवडणुकीचे मोडके फलक, चतुर्थीच्या मंडपाचे बांबू आणि जप्त केलेले गाडे ठेवलेले आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे आढळले होते. खासगी घरांच्या किल्ल्या आपल्या हातात नाहीत, हे समजू शकतो. या एका किल्लीचे मात्र आपणच मालक आहात.

२०२५ साली सरकारने 'म्हजें घर' ही योजना आणली, सरकारी आणि कोमुनिदाद, म्हणजे गावाच्या सामाईक, जमिनीवरच्या जुन्या घरांना कायदेशीर करण्यासाठी. मला तिचा राग नाही. मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, पिढ्या कागदाची वाट पाहत गेल्या आहेत. पण ज्याच्याकडे चार भिंती आहेत त्याला कागद मिळतो, आणि ज्याच्याकडे सिमेंटच्या पिशव्या आहेत त्याच्यापाशी कोणतीच योजना येऊन थांबत नाही, एवढे तरी आपल्या लक्षात यावे.

दुकानदारांची तक्रार खोटी होती असे मी म्हणत नाही. मारामाऱ्या झाल्या, एका दुकानाचे कुलूप फोडले गेले, आणि संध्याकाळी बायामाणसे त्या बाजूने जायला कचरतात. पण ही १९ माणसे जाळीमुळे नाहीशी होणार नाहीत. ती शाळेच्या पडवीत, देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत), नाहीतर पुलाखाली जातील आणि पुढचे निवेदन तिथून येईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. जाळीच्या ठरावाची अंमलबजावणी निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत स्थगित करावी, आणि जाळीसाठी ठेवलेला निधी जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्याची कौले, दिवे व पाणी यांवर खर्च करावा.

२. तो मजला २५ जणांसाठी रात्रीचा निवारा म्हणून पावसाआधी उघडावा. बायकांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली असावी. सामान ठेवायला कुलुपाची पेटी द्यावी. चपला उशाला घेऊन झोपण्याची वेळ येऊ नये.

३. बाजाराचे शौचालय २४ तास उघडे आणि रात्री विनामूल्य ठेवावे, आणि काढलेला नळ परत बसवावा. यासाठी बाजारातील दुकानदार दरमहा वर्गणी देतील का, हे विचारायची जबाबदारी मी घेतो.

४. पोलिसांना 'हटवण्याची' विनंती मागे घेऊन मानसिक आरोग्य कायद्यातील कलमानुसार वागण्याची लेखी विनंती करावी.

५. निवाऱ्यात राहणाऱ्याला पालिकेने वास्तव्याचा दाखला द्यावा, आणि जे वृद्ध एकटे आहेत त्यांच्यासाठी सार्वजनिक साहाय्य संस्थेला, म्हणजे आपल्या प्रोव्हेदोरियाला, वृद्धाश्रमातील जागेबद्दल पालिकेच्या नावाने पत्र पाठवावे. विधवा बाईला मोफत कायदा साहाय्य मिळवून देण्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे तिचे प्रकरण न्यावे.

६. बांधकाम परवान्याच्या अर्जात मजुरांच्या निवासाचा रकाना घालावा आणि तो कोरा असेल तर परवाना देऊ नये.

पहिल्या तीन मागण्यांना पंधरा दिवसांहून अधिक वेळ लागू नये असे मला वाटते. कौले फोडणाऱ्या माकडांनाही याहून कमी वेळ लागला होता.

ठरावाविरुद्धचे माझे म्हणणे आणि सही मागे घेतल्याचे पत्र आवक खिडकीवर दिले असून त्याची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. निवेदनावरच्या इतर ४६ जणांपैकी ९ जणांनी आपली सही मागे घेण्याची तयारी दाखवली आहे, तिघांनी मला वेड्यात काढले आहे आणि बाकीचे पावसाची वाट पाहत आहेत. येत्या बैठकीत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा. मी प्रेक्षकांच्या बाकावर हजर असेन, आणि जुन्या कचेरीचा जिना दाखवायला कोणी सोबत आले तर दुकान तासभर बंद ठेवीन.

आपला,
बाजारातील एक दुकानदार
(निवेदनातील सही क्र. ३१, ती खोडावी)